नव्वद टक्के

"वाफेची लाइन?" कुलथे साहेबांनी विचारलं.

"नव्वद टक्के," जब्बारभाई म्हणाले.

साहेबांनी वहीत लिहिलं. मीही माझ्या वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मागची पानं चाळली. मागच्या सोमवारी नव्वद. त्याच्या मागच्या सोमवारी नव्वद. त्याआधीच्या सोमवारीही नव्वदच. चार आठवडे बारा माणसं त्या लाइनवर राबत होती आणि लाइन होती तिथेच होती.

पुढे विजेवाल्यांनी अठ्ठ्याऐंशी सांगितलं, गवंडीकामवाल्यांनी पंच्याण्णव. साहेबांनी वही मिटली. "छान. पंधरा नोव्हेंबरला दूध घ्यायचं आहे. लागा कामाला."

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला सीना नदीच्या काठावर आमचा दूध संघ होता, दोनशे चौदा गावांचं दूध गोळा करणारा. उन्हाळ्यात आमच्याकडे सत्तर हजार लिटर यायचं, थंडीत ते दीड लाखावर जायचं. जुना कारखाना लाखाच्या वर एक थेंब घेऊ शकत नव्हता. त्यामुळे आदल्या थंडीत संघानं खाडा जाहीर केला होता. खाडा म्हणजे त्या दिवशी गावचं दूध घ्यायचंच नाही. आधी आठवड्यातून एक दिवस, नंतर दोन. हे पुन्हा होऊ नये म्हणून कारखाना वाढवायचं काम चाललं होतं. दूध आटवायचा नवा संच, नवा बॉयलर, गारपाण्याच्या नव्या टाक्या, आणि आटवलेल्या दुधाची भुकटी करणारा ऐंशी फुटी मनोरा.

मनोरा हे प्रकल्पाचे प्रमुख कुलथे साहेब यांचं स्वप्न होतं. गेली सहा वर्षं ते त्यासाठी मुंबई-दिल्ली करत होते. पन्नाशीचे, सडसडीत, सतत उन्हात फिरून रापलेले. मला नोकरी त्यांनीच दिली. मी शैलजा बोरुडे, मेकॅनिकलची डिप्लोमा, वय सव्वीस. त्याआधी चार कारखान्यांनी मला 'ऑफिसात बसाल का' असं विचारून परत पाठवलं होतं. साहेबांनी मुलाखतीत एक नकाशा समोर टाकला आणि चूक शोधायला सांगितली. मी दोन दाखवल्या. त्यांना एकच माहीत होती. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते.

माझं काम होतं समन्वयाचं, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि एकाचं काम दुसऱ्यासाठी अडलं तर सांगायचं. त्या सोमवारी बैठक संपल्यावर मी सरळ वाफेच्या लाइनवर गेले. बॉयलरपासून आटवणीच्या संचापर्यंत दीडशे फूट पाइप डोक्यावरून गेला होता, दिसायला अगदी पुरा. पण दोन्ही टोकं उघडी होती आणि त्यात गोणपाटाचे बोळे कोंबलेले होते.

जब्बारभाई शेख हे पाइपकामाचे मुकादम. तीस वर्षं साखर कारखान्यांमधून काम केलेला माणूस. मी त्यांना विचारलं, यातून वाफ कधी सोडता येईल?

"पाइप टाकला, चढवला, जोडला. राहिलंय काय? चार जोड, तीन व्हॉल्व आणि तपासणी."

"मग आज सोडता येईल?"

"आज कशी सोडता येईल, बाई?"

"म्हणजे झालं नाही."

ते रागावले. माझ्या माणसांनी दोन महिने काय झोपा काढल्या का, असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. मी तिथेच एका रिकाम्या ड्रमवर बसून लाइनची कामं एकेक करून लिहून काढायला लागले. तासाभरानं जब्बारभाई परत आले. हातात खडूची पेटी होती.

"चला," ते म्हणाले. "मलाच बघू द्या, किती झालंय ते."

आम्ही तीन दिवस मोजत होतो. नियम मी ठरवला होता. पाणी सोडल्यावर गळत नसेल, बटण दाबल्यावर फिरत असेल आणि उद्या त्याला कुणी हात लावायची गरज नसेल, तरच ते काम झालं. त्यावर खडूची फुली मारायची. बाकी सगळं 'नाही झालं'. मधलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी जब्बारभाईंच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती त्यांनीच मला दाखवली. त्यांचे तीन व्हॉल्व बसत नव्हते, कारण खालचा चौथरा गवंड्यांनी बांधला नव्हता. गवंडी थांबले होते, कारण चौथऱ्यातून विजेची नळी जायची होती आणि तिची जागा ठरली नव्हती. विजेवाले थांबले होते, कारण जब्बारभाईंचे व्हॉल्व नेमके कुठे येणार ते त्यांना कळत नव्हतं. प्रत्येकाचं नव्वद झालं होतं आणि राहिलेलं दहा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं.

"महिनाभर रोज एकमेकांना रामराम करतोय आम्ही," जब्बारभाई म्हणाले, आणि हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज झाली. एकूण कामं तीनशे बारा. झालेली एकशे एकवीस. आठवड्याला सरासरी तेरा कामं खरोखर संपत होती. राहिलेल्या एकशे एक्क्याण्णवला पंधरा आठवडे लागणार होते. पंधरा नोव्हेंबरला सहा आठवडे उरले होते. म्हणजे कारखाना संक्रांतीच्या सुमाराला सुरू होणार आणि तोवर थंडीतलं सगळं जास्तीचं दूध येऊन गेलेलं असणार.

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. साहेबांना सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता. दोन दिवस मी तो कागद तसाच घेऊन फिरले.

शुक्रवारी द्वारकाबाई शेटे आल्या. घोगरगावच्या बायकांनी चालवलेल्या दूध सोसायटीच्या त्या सचिव. पंचेचाळिशीच्या असतील. एसटीनं आल्या होत्या. हातात संघाचं छापील परिपत्रक होतं, पंधरा नोव्हेंबरपासून सर्व दूध स्वीकारले जाईल असं सांगणारं, खाली चेअरमन आणि कुलथे साहेबांच्या सह्या. साहेब नगरला गेले होते म्हणून त्या माझ्यासमोर बसल्या.

त्यांनी सांगितलं की हे परिपत्रक त्यांनी सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि त्या भरवशावर बायकांनी अकरा म्हशी आणल्या. सगळ्या दिवाळीच्या आसपास विणार होत्या. मागच्या थंडीत खाड्याच्या दिवशी काय झालं तेही सांगितलं. एवढ्या दुधाला गावात गिऱ्हाईक नव्हतं, सगळ्यांकडेच दूध होतं. दही लावून लावून भांडी संपली. शेवटी त्यांच्या शेजारणीनं दोन घागरी ओढ्यात ओतल्या आणि घरात येऊन सासूशी भांडली, कशावरून तरी भलत्याच.

"खाडा म्हणून म्हैस दूध आचळात ठेवत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तेवढंच विचारायला आले. पंधरा तारीख नक्की का?"

मी पाणी मागवलं, चहा मागवला. चहा आला. मग म्हणाले, "सोमवारी सांगते."

"म्हंजे नक्की न्हाई."

"सोमवारी सांगते, द्वारकाबाई. जे असेल ते खरं सांगते."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग परिपत्रकाची नीट घडी घातली आणि साडेतीनची एसटी गाठायला उठल्या.

साहेब शनिवारी दुपारी मनोऱ्याच्या पायथ्याशी सापडले. वर पत्रे चढवायचं काम चाललं होतं आणि ते मान वर करून बघत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला, मग मला घेऊन आपल्या खोलीत आले आणि दार लोटलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"जब्बारभाईंना."

"दिवाळीपर्यंत हा कागद तुझ्याकडे ठेव. मी माणसं वाढवतो. वेग वाढेल."

मी म्हटलं, माणसं वाढवून अडलेली कामं सुटणार नाहीत, आणखी माणसं अडून बसतील. दिवाळीनंतर सांगितलं तर काही करायला वेळच उरणार नाही. आज सांगितलं तर एक मार्ग आहे. मग मी त्यांना मार्ग सांगितला. तो सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, कारण त्यात मनोरा थांबवायचा होता.

कच्चं दूध पाठवायचं तर रोज पाच-सहा टँकर लागले असते आणि तेवढे टँकर आमच्याकडे नव्हते. पण तेच दूध आटवलं तर दोन टँकरमध्ये मावत होतं. मराठवाड्यातल्या एका संघाचा भुकटीचा कारखाना निम्मा रिकामा चालतो हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे खाडा टाळायला या थंडीत आम्हाला मनोऱ्याची गरजच नव्हती. गरज होती बॉयलर, वाफेची लाइन, आटवणीचा संच आणि गारपाण्याची. तेवढीच कामं मोजली तर ती अडुसष्ट होत होती. आजच्याच वेगानं सव्वापाच आठवडे. पण त्यासाठी बाकी सगळी कामं त्याच दिवशी सोडून द्यावी लागणार होती.

साहेब खिडकीशी गेले. बाहेर मनोऱ्यावर हातोड्यांचा आवाज चालू होता.

"मनोरा आत्ता थांबला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री आहे तुला?"

"नाही."

"मला तर मुळीच नाही." ते वळले. "शैलजा, मी तुला विनंती करतोय. दिवाळीपर्यंत."

त्यांनी हुकूम दिला असता तर मला भांडता आलं असतं. विनंतीशी कसं भांडणार? मी द्वारकाबाईंबद्दल सांगितलं. सोमवारी खरं सांगते असा शब्द दिलाय, हेही सांगितलं.

"म्हणजे तू बोलणार."

"हो, साहेब."

"ठीक आहे. मी तुला थांबवणार नाही." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "पण तुझ्या बाजूनं बोलणारही नाही."

सोमवारच्या बैठकीला चेअरमन यावेत म्हणून मी स्वतः फोन केला. चेअरमन हारदे तात्या. धोतर, टोपी, आवाज खालचा. साऱ्या तालुक्यात त्यांच्यापुढे कुणी मोठ्यानं बोलत नसे आणि तेही बोलत नसत. ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हां, सांगा."

मी उभी राहून कागद वाचला. तीनशे बारा, एकशे एकवीस, पंधरा आठवडे. खोलीत सहा-सात माणसं होती. सगळी आपापल्या हातांकडे बघायला लागली.

तात्यांनी विचारलं, "मागच्या महिन्यात मला नव्वद टक्के सांगितलं. मग खोटं कोण बोललं?"

"कुणी नाही, तात्या," मी म्हणाले. "प्रत्येकानं आपण किती केलं ते मोजलं. राहिलेलं कुणी मोजलं नाही."

"कुलथे?"

साहेब शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांनी मान वर केली. "मोजणी बरोबर आहे. काल रविवारी मी पुन्हा करून बघितली. एकशे वीस निघाली. यांनी एक जास्त धरलंय."

मला ते माहीत नव्हतं. आदला सबंध दिवस ते एकटे खडूच्या फुल्या बघत त्या लोखंडातून फिरले होते.

मग मी मार्ग सांगितला. अडुसष्ट कामं, दोन टँकर, मराठवाड्यातला संघ. तात्यांनी दोनच प्रश्न विचारले. तो संघ दूध घेईल याची हमी काय? मी म्हणाले, हमी तुम्हालाच आणावी लागेल, मला ते देणार नाहीत. त्यांच्या मिशीत जरासं हसू आलं. दुसरा प्रश्न, मनोऱ्याचं काय?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण साहेब उठून उभे राहिले.

"मनोरा मी थांबवतो," ते म्हणाले. "तो निरोप मला देऊ द्या."

आणि ते खोलीतून बाहेर गेले. थोड्या वेळानं वरच्या हातोड्यांचा आवाज एकेक करून बंद पडत गेला. शेवटचा हातोडा थांबल्यावर तात्या उठले.

तात्या जाताना म्हणाले, "आजपासून प्रकल्पाचा निर्णय बोरुडेबाई घेतील. कुलथे त्यांना मदत करतील." दारापाशी थांबून पुन्हा म्हणाले, "तारीख पंधराच."

मी घोगरगावला निरोप पाठवला. पंधराला जमेल असं वाटतं, एखादा खाडा पडू शकतो, तशी तयारी ठेवा. एवढंच लिहिलं. त्याहून जास्त मला माहीत नव्हतं.

पुढचे सहा आठवडे मी कसे काढले ते मला तुटक तुटक आठवतं. भिंतीवर एक फळा लावला. त्यावर अडुसष्ट कामं, प्रत्येकापुढे एकाच माणसाचं नाव. रोज सकाळी आठला सगळे फळ्यापुढे उभे राहायचे, बसायचं नाही. कुणीही टक्के सांगायचे नाहीत. 'झालं' किंवा 'नाही झालं', आणि नाही झालं तर कुणामुळे अडलं, ते त्याच्या तोंडावर सांगायचं. पहिले दोन दिवस भांडणं झाली. तिसऱ्या दिवशी चौथऱ्याचा तिढा दहा मिनिटांत सुटला. गवंडी, विजेवाला आणि जब्बारभाई तिघे जाऊन जागेवर उभे राहिले आणि विटकरीनं जमिनीवर रेघ मारून आले.

मनोऱ्यावरची माणसं माझ्यावर चिडली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना घरी पाठवावं लागलं, निम्मी आटवणीच्या संचावर घेतली. एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाईनं साहेबाचं घर पाडलं." मी वळून बघितलं नाही.

आणि साहेब रोज आठला फळ्यापुढे उभे असत. मागच्या रांगेत, हातात वही. त्यांच्या नावावर गारपाण्याची अकरा कामं होती. आपली पाळी आली की ते 'झालं' किंवा 'नाही झालं' म्हणत. 'झालं' म्हटलं की ते झालेलंच असे. माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलत नसत.

दिवाळी नऊ तारखेला होती. पाइपवाले चार दिवस घरी जाणार होते. वाफेची लाइन तपासणीला तयार होती. पाण्याचा दाब दिला आणि दोन जोड फुटले. चांगले दिसणारे जोड, पण आतून कच्चे. तपासायला गेलो तर तसे आणखी सहा निघाले. सगळं कापून पुन्हा जोडायला आठवडा लागणार होता.

जब्बारभाईंनी तो सगळा पाइप हातानं चाचपून बघितला. ते जोड त्यांच्याच माणसांनी सप्टेंबरात घाईत मारले होते, नव्वद टक्के म्हणता यावं म्हणून. हे मी बोलले नाही, तेच बोलले. मग म्हणाले की त्यांच्यातले चौघे मुसलमान आहेत, ते थांबतील. बाकीच्यांनी घरी जावं, सण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर बाराच्या बारा माणसं हजर होती. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माझ्या आईनं डबाभर करंज्या पाठवल्या, त्या बॉयलरच्या सावलीत बसून आम्ही खाल्ल्या. साहेबही होते. त्यांनी एक करंजी घेतली आणि जब्बारभाईंना विचारलं, पाचवा जोड कसा आहे.

पंधरा तारीख हुकली. सोळाला दूध लाखाच्या वर गेलं. सतराला एक लाख अठरा हजार झालं, साठवायला जागा उरली नाही आणि अठरा तारखेला एक खाडा द्यावाच लागला. खाड्याच्या कागदावर सही माझी होती. एकोणीसच्या सकाळी अकराच्या सुमाराला बॉयलरनं दाब धरला, लाइन तापली आणि आटवणीच्या संचाच्या काचेतून दूध उकळताना दिसलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे काचेजवळ गर्दी करून नुसते बघत होते. तिसऱ्या प्रहरी दोन टँकर मराठवाड्याच्या रस्त्याला लागले. त्या थंडीत एक लाख छप्पन हजारांपर्यंत दूध आलं आणि पुन्हा खाडा पडला नाही. द्वारकाबाई पुढच्या आठवड्यात आल्या. अठराच्या खाड्याबद्दल मला चार शब्द सुनावले आणि मग पिशवीतून खरवसाचा डबा काढून टेबलावर ठेवला.

जानेवारीत साहेबांची बदली झाली, संघाच्या पशुखाद्य कारखान्यावर. जिथे काही बांधायचं नव्हतं आणि काही मोडायचंही नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला. गुजरातेत कुठेतरी काम मिळालं होतं.

ते जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. वहिनी आधीच पुढे गेल्या होत्या. मी दारातच म्हणाले, "साहेब, मला माफ करा."

"कशाबद्दल? बरोबर मोजलंस म्हणून?" त्यांनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून मला जागा करून दिली. "बस. तुला एक सांगायचं होतं. तू कामात असताना सांगणं बरं नव्हतं."

मग त्यांनी ऑगस्टमधली एक गोष्ट सांगितली. मी तेव्हा कामावर नवीन होते, मला त्यातलं काही माहीत नव्हतं. संचालक मंडळात सतरा जण. त्यातले नऊ जण प्रकल्प गुंडाळायला निघाले होते. आणलेली यंत्रं दुसऱ्या संघाला देऊन टाकायची, आपण पूर्वीसारखं दूध घ्यायचं आणि जास्त झालं की खाडा द्यायचा, असं ठरत आलं होतं. तात्यांचाही नाइलाज होता. मंडळानं साहेबांना बोलावून विचारलं, काम किती झालंय?

"खरं होतं तीसच्या आत," साहेब म्हणाले. "मी सत्तर सांगितलं. तीस टक्के झालेलं काम लोक बंद करतात, शैलजा. सत्तर टक्के झालेलं कुणी बंद करत नाही. नऊपैकी चौघांनी हात खाली घेतला."

त्यांनी खोक्यातली पुस्तकं दाबून जागा केली.

"सत्तर सांगितल्यावर पुढच्या महिन्यात कमी कसं सांगणार? मग ऐंशी, मग नव्वद. साहेबाच्या तोंडून नव्वद ऐकलं की मुकादमही नव्वदच सांगतो. मी त्यांना खोटं बोलायला कधी सांगितलं नाही, त्याची गरजच पडली नाही. शंभर म्हणता येईना, म्हणून नव्वदावर थांबलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस?"

मी विचार केला. खरोखर विचार केला. साहेबांनी मला नोकरी दिली होती, प्रकल्प वाचवला होता, आणि ते सगळं माहीत असताना मी खडू घेऊन बाहेर पडले असते का? मला आजही खात्री नाही.

"मग त्या शनिवारी मला थांबवत का होतात?"

ते एक पुस्तक हातात धरून बसले होते. ते खोक्यात ठेवलं, त्याची कड सरळ केली.

"मनोऱ्यासाठी," ते म्हणाले. "दुसरं काही कारण नाही. ऑगस्टमधलं खोटं मी गावांसाठी बोललो. ऑक्टोबरातलं माझ्यासाठी बोलत होतो. मधे कधी एकाचं दुसरं झालं, ते मला कळलं नाही. तू कागद दाखवलास तेव्हा कळलं."

चहा त्यांनीच केला. भांडी बांधून झाली होती, म्हणून आम्ही दोघं एकाच कपातून आळीपाळीनं प्यायलो. निघताना त्यांनी मला दाराशी थांबवलं आणि मनोऱ्याच्या उरलेल्या पत्र्यांना पावसाआधी तेलाचा हात मारायला सांगितला, नाहीतर गंज धरेल म्हणाले. मी मारून घेतला. मनोरा दीड वर्षानं पुरा झाला. मी त्यांना पत्र लिहिलं होतं, पण ते आले नाहीत.

त्यानंतर तीस वर्षं मी हेच काम केलं. तीन दूध संघ, एक औषधांचा कारखाना, दोन पाणीयोजना. माझ्या हाताखाली कुणाला टक्के सांगायची परवानगी नसे, आणि बाई फार कडक आहेत असं माझ्या मागे बोललं जाई. ते खरंच होतं.

पण एखादा चांगला, जाणता माणूस माझ्यासमोर गुळगुळीत आकडा घेऊन आला, तर मी तो कागद बाजूला ठेवत असे. बाकीच्यांना चहाला पाठवायची, दार लावून घ्यायची आणि विचारायची, "आकडा नंतर बघू. हे काम बंद पाडायला कोण बसलंय, ते आधी सांगा."

बहुतेक जण म्हणत, कुणी नाही मॅडम. एखादा मात्र दाराकडे बघून घ्यायचा आणि खुर्ची पुढे ओढायचा.